गडव्यावरचं ऊन

वडनेरच्या बाजारओळीत बाबारावांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा बाबारावांचा आवाज मोठा होता. पाणी भरायच्या पितळी गुंडाला बोटानं टिचकी मारून ते त्याचा कस सांगत. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण टिचकीचा नाद विरेपर्यंत ते जागचं हलत नसे, आणि तेवढ्या वेळात बाबाराव भाव सांगून मोकळे होत.

लोक त्यांच्याकडे दोन कामांसाठी येत. लग्नसराईत नवी भांडी घ्यायला आणि एरवी मोड द्यायला. चेपलेलं, झिजलेलं, भोक पडलेलं भांडं आणायचं. बाबाराव ते काट्यावर टाकत, वजनाप्रमाणे सूट देत आणि नवं भांडं हातात ठेवत. हे जुनं सामान म्हणजे मोड. तिचा ढीग मागच्या खोलीत साठे आणि पोती भरली की नागपूरला आटवायला जाई. बाबारावांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, नवं आणि मोड. माणसांनाही ते मनातल्या मनात याच काट्यावर टाकत, आणि शेजारीपाजारी बहुतेक मोडीतच निघत.

त्यांची एकुलती एक मुलगी जयवंता या दोन प्रकारांच्या मधोमध वाढली. दुकानातली भांडी घासून लखलखीत ठेवायचं काम तिचं. चिंच आणि राख यांनी तिची बोटं कायम तांबूस असत. घासलेलं भांडं उन्हात धरून ते कुठे उजळतं, कुठे काळं राहतं हे बघायची तिला सवय लागली होती, आणि कधी कधी ती बघतच बसे. मग आई देवकाबाई आतून हाक मारी, की भांडं घासून राह्यली का त्याच्याशी बोलून राह्यली. जयवंताला एकोणिसावं संपत आलं होतं. पोरीचं वय उलटून चाललं असं गाव म्हणे. गावाला दुसरं काम काय होतं?

चोपन्न सालच्या होळीनंतर दोन स्थळं एकदमच सांगून आली. एक हिंगणघाटचं, कापड दुकानदाराचा मुलगा प्रभाकर. दुसरं सिंदी रेल्वेचं. तिथे स्टेशनाजवळ फोटोचं दुकान चालवणारा रूपराव, आईबाप लहानपणीच गेलेला, मावशीनं वाढवलेला. बाबारावांनी दोन्हीकडे निरोप धाडला, की आधी मुलाचा फोटो पाठवा, मग पुढचं बोलू. मुलीचा फोटो सगळेच मागतात. मुलाचा मागणारे बाबारावच. न बघता माल घ्यायचा नाही, एवढाच त्यामागचा साधा विचार.

हिंगणघाटचा फोटो लगेच आला. प्रभाकर एका खांबाला टेकून उभा होता. खांब पुठ्ठ्याचा, मागची बाग रंगवलेली, आणि मनगट असं पुढे काढलेलं की आधी घड्याळ दिसावं, मग मुलगा.

"घड्याळ पाय," बाबाराव बायकोला म्हणाले. "खानदानी हाय."

देवकाबाईंनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "पोरगा बरा हाय. पन थो पाहून कुठं राह्यला?"

"घड्याळाकडे. वेळेचा पक्का दिसते."

जयवंताला कुणी विचारलं नाही. परात घासता घासता तिनं चोरून नजर टाकली. फोटोत सगळं जिथल्या तिथे होतं आणि पुन्हा बघावं असं त्यात काहीच नव्हतं. तिनं परत परातीत डोकं घातलं.

सिंदीचं पाकीट आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे एक बरं झालं. बाबारावांनी ते फोडलं, पहिला फोटो पाहिला, उलटा करून पाहिला, दुसरा पाहिला आणि मग भराभर सगळे पाचही पाहिले. जयवंता मागच्या दारातून बघत होती. वडिलांचं कपाळ आधी आक्रसलं, मग लाल झालं.

"अवं, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "याच्यात पोरगा कुठं हाय तो दाखव मले."

पोरगा कुठेच नव्हता. एका फोटोत खिडकीत ठेवलेला पाण्याचा गडवा होता, पोटाला चेपलेला. दुसऱ्यात फळीवर ओळीनं मांडलेले चहाचे कप, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. तिसऱ्यात खिळ्याला टांगलेली छत्री. चौथ्यात सूप आणि सुपात तुरीची डाळ. आणि पाचव्यात, दाराशी काढून ठेवलेल्या चपला. सोबत चिठ्ठी नाही की चपाटी नाही.

"पोरीच्या बापाले चपला दाखोते?" बाबारावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चुकून आले असतीन," देवकाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाचे."

"चुकून?" बाबारावांनी गडव्याचा फोटो डोळ्यांसमोर धरला आणि एकाएकी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दुकानदाराला सगळं जग दुकानातूनच दिसतं, त्याला ते तरी काय करणार. "समजलं मले. ही मोड हाय. चेपलेला गडवा, फुटका कप, जुनी छत्री. घरातली सारी मोड फोटो काढून धाडली. म्हंजे हे घ्या अन् बदल्यात नवं द्या. सासरा भांडेवाला भेटून राह्यला ना! पोरगी बी द्या अन् घर बी बदलून द्या."

"चपलाची मोड कोन देते जी?"

"हावरट मानूस काय बी देते."

खरं तर जयवंताच्या लग्नात घर भरेल इतकी भांडी द्यायची, हे बाबारावांनी ती रांगत असतानाच ठरवून टाकलं होतं. गावभर सांगूनही झालं होतं. पण आपणहून देणाऱ्या माणसाकडे मागितलं की तो बिथरतो. बाबारावांनी पाचही फोटो मागच्या खोलीत मोडीच्या ढिगावर भिरकावले आणि जाहीर केलं, की एवढा बाजार होऊन जाऊ दे, मग हिंगणघाटला होकार कळवतो.

त्या दुपारी जयवंता मोडीच्या खोलीत गेली. ती फोटो झटकायला म्हणून गेली होती, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. गडव्याचा फोटो वरच पडला होता. तो तिनं उचलला आणि तिथेच पोत्यावर बसली.

आधी तिला नुसता गडवा दिसला. मग आपण बराच वेळ त्याच्याकडे बघतो आहोत हे ध्यानात आलं. ऊन एका बाजूनं येऊन गडव्याच्या पोटावरून घसरत होतं आणि जिथे चेपलं होतं तिथे थबकत होतं. तेवढ्या पोच्यात छोटीशी सावली साचली होती. दुकानात पोचा म्हणजे भाव कमी. इथे तो पोचा नसता तर गडव्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. आणि बाकीचा सगळा फोटो म्हणजे कोरी भिंत. काही म्हणजे काही नाही. वडिलांनी तेवढ्या जागेत चार गुंड आणि दोन पराती बसवल्या असत्या. पण त्या रिकाम्या भिंतीमुळेच गडवा असा एकटा, ऐटीत बसलेला वाटत होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

तिनं एकेक करून बाकीचे फोटो घेतले. कपांचे कान सगळे एकाच दिशेला वळवलेले होते. नजर त्या कानांवरून पळत जायची आणि तुटक्या कानापाशी ठेचकाळायची. पहिल्यांदा ठेचकाळली तेव्हा जयवंता चक्क हसली, एकटीच, मोडीच्या खोलीत. छत्री खिळ्याला सरळ आणि बारीक लटकत होती, तिची सावली मात्र तिरपी आणि लठ्ठ पडली होती. सुपाच्या कामट्या एका अंगानं जात होत्या, डाळीचे दाणे त्यांच्यावर गोल गोल विखुरले होते, आणि बोट लावलं तर दाणा सरकेल असं वाटत होतं. तिनं बोट लावूनही पाहिलं.

चपलांच्या फोटोपाशी ती सगळ्यात जास्त थांबली. एक जोड लहान, बाईमाणसाचा, नीट सरळ लावलेला. दुसरा मोठा, टाचेला झिजलेला, एक इकडे एक तिकडे. या घरात दोन माणसं राहतात आणि त्यातलं एक घाईघाईनं घरी येतं, हे तिला कुणी न सांगता कळलं. त्या दोन जोडांच्या बाजूला उंबऱ्यापर्यंत मोकळी जागा होती. तिथे आणखी एक जोड सहज मावला असता. हे मनात आलं आणि जयवंताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं पाचही फोटो पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं मोडीतला एक चेपका गडवा काढला, घासला आणि मागच्या खिडकीत ठेवला. सकाळी तो नुसता मोडीतला गडवा दिसला. दुपारी डोक्यावरचं ऊन आलं तेव्हा तर बघवेना. ती कामं करत होती, येता जाता खिडकीकडे बघत होती, आणि त्यात चुलीवरचं वरण करपलं. मग दिवस कलला. ऊन खिडकीतून आडवं आत आलं, भिंतीला घासत गडव्यापर्यंत पोचलं, आणि गडवा एकदम उठून दिसला. फोटोतल्यासारखा. जेमतेम चूल सारवून होईल एवढा वेळ तो तसा राहिला आणि पुन्हा साधा गडवा झाला.

एवढ्याशा वेळासाठी तो माणूस दिवसभर थांबला असेल. एका चेपलेल्या गडव्यासाठी. जयवंताला खूप आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती वाटली. आपण जे आजवर लपूनछपून, आईच्या शिव्या खात करत आलो, ते उघडपणे करणारं कुणीतरी आहे आणि ते सिंदीला राहतं. बाजार झाला की वडील हिंगणघाटला होकार कळवणार, आणि मग जन्मभर त्या घड्याळाकडे बघत बसायचं. तिला हाच माणूस हवा होता. त्याचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं, पण तोंड तर प्रभाकरचंही पाहिलं होतं. त्यानं काय झालं होतं?

बाबारावांशी वाद घालून काही उपयोग नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याशी बोलायचं तर भांड्यांच्याच भाषेत. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ते ओसरीवर निवांत पानसुपारी लावत बसलेले बघून तिनं गडव्याचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, मोड घासून कोनी आनते का?"

"कोन घासते? कोनालेच फुरसत नसते. काळीकुट्ट आनून टाकतात," बाबाराव म्हणाले. मग फोटो दिसला. "हे पुन्हा काऊन काढलं?"

"याच्या गळ्यात पाहा न जरा."

बाबारावांनी नाइलाजानं फोटो उचलला. गडव्याचा गळा ही चोर जागा. घासताना बोट तिथे पोचत नाही आणि मळ साचून काळी रेघ राहते. बाबाराव गिऱ्हाइकाची पारख त्या रेघेवरून करत. फोटोतल्या गडव्याच्या गळ्यात रेघ नव्हती. तिथे उजेडाची एक बारीक कड होती.

"रोज घासते कोनीतरी," जयवंता म्हणाली. "चिंचेनं. राखेनं असं येत नाई. मोडीत काढायचा गडवा रोज चिंचेनं कोन घासन?"

बाबारावांनी फोटो कंदिलाजवळ नेला. त्यांच्यातला दुकानदार जागा झाला होता आणि तो जागा झाला की रागावलेला बाप जरा मागे सरकत असे. "ठोक्याचं काम हाय," ते पुटपुटले. "भंडाऱ्याकडचं असन. जुनं हाय पन जपलेलं हाय." मग त्यांना एकदम आठवलं की आपण चिडलेलो आहोत. "पन मंग हे धाडलं काऊन? मानसाचं तोंड मागतलं अन् गडव्याचं धाडलं, याले काय म्हनावं?"

"त्यायलेच इचारा न."

बाबारावांनी सुपारी तोंडात टाकली. "इचारतो," ते म्हणाले. "बोलावतो त्याले. समोर बसवून इचारतो. अन् उत्तर सरळ नाई आलं तर त्याच पावली हिंगणघाटले जातो." जयवंताचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

पाहुणे यायच्या दिवशी बाबारावांनी बैठकीच्या भिंतींना नवी भांडी रचली. गुंडावर गुंड, त्यावर गडवे, बाजूला पराती उभ्या, मधल्या फटीत वाट्या. पाहुण्यानं आत पाऊल टाकलं की त्याचे डोळे दिपले पाहिजेत, असा बेत. जयवंतानं एवढंच केलं, की पश्चिमेच्या खिडकीसमोरचा कोनाडा रिकामा केला आणि मोडीतला तो चेपका गडवा घासून त्यात एकटाच ठेवला. बाबारावांचं लक्ष गेलं तेव्हा पाहुणे अंगणात आले होते.

"बैठकीत मोड?" ते दबक्या आवाजात ओरडले. पण आता हलवायला वेळ नव्हता.

जयवंतानं दाराच्या फटीतून पाहिलं. आधी एक ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई आली, मावशी अनुसयाबाई. तिच्या मागे एक उंच, सडपातळ माणूस, कान जरा बाहेर आलेले, हातात छत्री. तीच छत्री. जयवंता त्या छत्रीला तिरप्या सावलीसकट ओळखत होती. त्यानं चपला काढल्या, एक इकडे, एक तिकडे. तिला हसू आवरेना. माणूस अनोळखी होता आणि त्याच्या चपला मात्र ओळखीच्या होत्या.

बाबारावांनी पाहुण्याला मानाच्या जागी बसवलं, लखलखत्या भांड्यांकडे तोंड करून. म्हणजे कोनाड्याकडे पाठ. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत कोनाड्याच्या दिशेनं निघालं होतं. ते तिथे पोचेल, घडीभर राहील आणि जाईल, आणि या माणसाची पाठ तिकडेच राहील.

पाणी झालं, येण्याजाण्याची, बसची, पिकापाण्याची चौकशी झाली. मग बाबारावांनी जयवंताकडून मागून घेतलेल्या पाचांतले चार फोटो खिशातून काढून पाहुण्यासमोर मांडले. चपलांचा त्यांनी मुद्दाम वगळला होता. "हे काय धाडलं जी तुमी? आमी मुलाचा फोटो मागतला होता. मले वाटलं, तुमची मोड हाय, बदलून मांगून राह्यले."

अनुसयाबाईंनी फोटोंकडे पाहिलं, बाबारावांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्या जी हसत सुटल्या की देवकाबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या. "बदलून!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आवो भाऊ, याचा सोताचा फोटोच नाई. साऱ्या सिंदीचे फोटो काढते अन् सोता समोर बसला का लाकूड होते. म्या कॅमेऱ्याचा फुगा दाबला, एकडाव नाई, लय डाव. एकात डोये मिटले, एकात तोंड वासलं. म्हने, मावशी, हे धाडलं तर कोनी पोरगी देनार नाई. म्हनून त्याच्या जिवाचे होते थे धाडले."

सगळे रूपरावकडे बघू लागले. आणि बघितलं की त्याचं लाकूड होतं, हे त्याच्या मावशीनं आत्ताच सांगितलं होतं. तो गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता. "उजेड बरा होता," तो कसाबसा म्हणाला. "म्हून."

"उजेड?" बाबारावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी पोरगी देऊन राह्यलो जी. मले मानूस पाह्यजे, घर पाह्यजे. उजेडाचं मी काय करू?"

बाबारावांनी फोटो गोळा करायला सुरुवात केली, आणि दुकान आवरताना ते अगदी असेच सामान गोळा करत हे आत उभ्या असलेल्या मुलीला माहीत होतं. पोहे न्यायला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ऊन कोनाड्याच्या कडेला लागलं होतं. जयवंतानं ताटली उचलली आणि पदर सावरून बाहेर आली.

रीत अशी, की मुलीनं खाली मान घालून ताटली पाहुण्यासमोर ठेवायची. जयवंतानं मान खाली घातली, पण ताटली त्याच्यासमोर न ठेवता त्याला वळसा घालून पलीकडे, भांड्यांच्या बाजूच्या पाटाजवळ ठेवली आणि उभी राहिली. पोरगी गोंधळली, असं सगळ्यांना वाटलं. देवकाबाईंनी डोळे वटारले. रूपराव बिचारा मुकाट्यानं उठला, पलीकडे पाटावर जाऊन बसला, ताटली उचलली आणि समोर पाहिलं.

ऊन नुकतंच कोनाड्यात शिरलं होतं. गडव्याच्या पोटावरून घसरून ते पोच्यापाशी थबकलं होतं.

पोहे हातातच राहिले. मघाचा लाकडी माणूस कुठल्या कुठे गेला. त्याचे खांदे सैल झाले, डोळे बारीक झाले, मान एका अंगाला कलली, आणि चेहरा असा उजळला की जयवंतानं रीत विसरून त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"पोरीले काई इचारायचं असन तर इचारा," बाबाराव कोरडेपणानं म्हणाले. बोलणी मोडायच्या आधी शिष्टाचार पुरा करावा, एवढ्यासाठी.

"थो गडवा तिथं कोनं ठेवला?" रूपरावनं विचारलं.

अशा प्रसंगी मुलीला स्वयंपाक विचारतात, शिवण विचारतात, वाचून दाखवायला सांगतात.

"म्या," जयवंता म्हणाली. "पन लवकर पाहा. ऊन सरकून राह्यलं."

तो उठून कोनाड्याजवळ गेला. "जरा डावीकडे घेतला तर?"

"डावीकडे भेग हाय भिंतीले. सावली तिच्यात जाते. म्या पाह्यलं करून."

त्यानं डावीकडे वाकून पाहिलं, भेग पाहिली आणि मान हलवली. "खरं हाय."

"अन् एवढी भांडी चमकून राह्यली, त्यायच्यात काई नाई दिसत तुमाले?" बाबारावांनी न राहवून विचारलं. त्यांचा जीव त्या भिंतींत होता.

"सारीच चमकते, म्हून एक बी दिसत नाई," रूपराव म्हणाला. गडव्याजवळ उभा असताना त्याला बोलायला काही अडचण येत नव्हती. देवकाबाईंनी डोळे मिटले. आता नवऱ्याच्या डोक्यात राख जाणार. पण रूपरावनं ढिगातला एक गुंड उचलला होता आणि तो जयवंताला विचारत होता, याले कुठं ठेवू. ती म्हणाली, खिडकीच्या खाली, अन् मांगच्या पराती काढा. त्यानं पराती काढल्या. तिनं गुंड जरासा फिरवला. "अजून थोडा," तो म्हणाला. "पुरे," ती म्हणाली. मग दोघंही मागे सरकली, शेजारी शेजारी, आपल्या आजूबाजूला तीन मोठी माणसं बसली आहेत याचा दोघांनाही विसर पडलेला.

बाबारावांनी गुंडाकडे पाहिलं. असे गुंड त्यांनी आयुष्यभर विकले होते, टिचकी मारून, वजन करून. पण मानेपासून पोटापर्यंत ठोक्यांच्या ओळी अशा एकामागून एक खाली उतरतात, आणि प्रत्येक ठोक्यात उन्हाचा एकेक थेंब बसतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज, वडनेरच्या इतिहासात प्रथमच, लहान होता.

"हा माह्याच दुकानातला गुंड हाय?"

"आता यायले इचारायचं काय उरलं?" अनुसयाबाई देवकाबाईंना म्हणाल्या. "गूळ आना बाई."

साक्षगंधाला रूपराव कॅमेरा घेऊन आला. बाबारावांनी एकच हट्ट धरला, की जावयाचा फोटो हवाच. गावात दहा जण विचारतात, दाखवू काय, छत्री? रूपराव खुर्चीवर बसला आणि लगेच त्याचं लाकूड झालं. अनुसयाबाईंनी कपाळाला हात लावला. तेव्हा जयवंता आतून तो चेपका गडवा घेऊन आली आणि तिनं तो त्याच्या हातात दिला.

"गळ्यात काळं राह्यलं का पाहा जरा," ती म्हणाली.

त्यानं गडवा उन्हात तिरपा धरला, मान कलती केली, डोळे बारीक केले. जयवंतानं रबरी फुगा दाबला.

तो फोटो बाबारावांनी दुकानात लावला, आणि खाली फळीवर तो गडवा ठेवला. आजूबाजूला दुसरं काही ठेवलं नाही. दिवाळीला जयवंता सिंदीहून माहेरी आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. ती मागच्या दारात उभी होती, हाताला चिंचेऐवजी फोटो धुण्याच्या औषधाचा वास. दुकानात एक गिऱ्हाईक गडवा उलटापालटा करून बघत होतं.

"हा चेपला हाय न जी. मोडीच्या भावात देता का?"

बाबारावांनी गडवा त्याच्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि होता तिथे, होता तसाच, पोचा उजेडाकडे करून ठेवला.

"थो इकाऊ नाई," ते म्हणाले. "आमचा जावई त्याच्याकडे पाहून राह्यला."